खांबापुरता पाऊस

उन्हाळा लागायच्या तोंडावर दरवर्षी हवामानाचा अंदाज येतो आणि दरवर्षी मी तो भक्तिभावाने वाचतो. डोंगराळ भागात असं होईल, मैदानी भागात तसं होईल. आता आमचं गाव या दोहोंपैकी नेमकं कशात बसतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलेलं नाही. मागे डोंगर आहे, पुढे धानाच्या बांध्या आहेत, मध्ये जंगल आहे आणि जंगलात आम्ही. मैदानात पारा चाळीसला टेकला आणि डोंगरात तिसाला, की उष्णतेची लाट म्हणायचा विचार सुरू होतो, असं एकदा वाचलं. तिसाला! आमच्याकडे चैत्रात पारा तिसावर उतरला तर म्हातारी माणसं चादर मागतील. चंद्रपूरच्या बसस्टँडवर उतरलेल्या माणसाला मैदानातली लाट कोणती आणि रोजचा मंगळवार कोणता, हे ओळखून दाखव म्हणावं.

मी मूळचा नागभीडकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला. नोकरी लागली ती गडचिरोलीच्या जंगलातल्या या गावात, प्राथमिक शाळेत. बिऱ्हाड वडस्याला, बायकोची नोकरी तिथे. शनिवारी जायचं, सोमवारी यायचं आणि मधले पाच दिवस शाळेच्या खोलीत काढायचे. अशा माणसाला काही ना काही खूळ लागतंच. कुणी पत्ते खेळतो, कुणी भाजी लावतो. मला हवामान लागलं.

त्याला कारण झालं ते शाळेच्या मागचं यंत्र. एक दिवस गाडी आली, चार माणसं उतरली आणि त्यांनी शाळेमागच्या उघड्या जागेवर चौकोन आखला. मध्ये लोखंडी खांब उभा करायचा होता. त्यावर वारा मोजायच्या वाट्या, उन्हाची पट्टी, तापमानाचं पांढरं घरटं, आणि बाजूला नरसाळ्यासारख्या तोंडाचं एक डबडं. त्यात पाऊस पडला की आतली वाटी कलंडते आणि किती पडला ते तिथल्या तिथे वर कळतं. वर म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, नुसतं आभाळाकडे बोट केलं. पण खड्डा काही होईना. खाली नुसता मुरूम आणि दगड. चौघं दुपारपर्यंत घाम गाळून बसले. शेवटी गावातला एक म्हातारा सब्बल घेऊन आला, कुणाशी एक शब्द बोलला नाही आणि संध्याकाळपर्यंत छातीइतका खड्डा करून मोकळा झाला. खांब उभा राहिला, भोवती तारेची जाळी लागली, फाटकाला कुलूप लागलं आणि चावी माझ्या हातात आली. त्या दिवसापासून मी हवामान गुरुजी झालो. नाव गावानं ठेवलं, आणि त्यात कौतुक किती होतं आणि टिंगल किती, ते मी मोजलं नाही.

यंत्र बसवणाऱ्यांनी मला बजावलं होतं की जाळीच्या आत कुणाला जाऊ द्यायचं नाही. आत गवत नको, सामान नको, सावली नको. मी मान डोलावली. पण ज्यांनी ही जागा निवडली त्यांना मोहाचा हंगाम ठाऊक नव्हता. फाल्गुन सरला की इथे पहाटेपासून सगळं गाव मोहाच्या झाडाखाली असतं. फुलं टपटप गळतात, ती वेचायची, घरी आणायची आणि कडक उन्हात वाळवायची. चार-पाच दिवसांत पिवळट फूल लाल-तपकिरी होतं, किसमिसासारखं सुकतं, मग ते वर्षभर टिकतं. वाळवणं सोपं, राखणं अवघड. मोह पसरला की बकऱ्यांना वास लागतो, गाईंना लागतो, गावातल्या कोंबड्यासुद्धा रांगेनं येतात. आता मला सांगा, अख्ख्या गावात उघडी, सपाट, दिवसभर ऊन खाणारी आणि बकरीला बंद अशी जागा एकच असेल, तर ती वाऱ्याची दिशा मोजायला रिकामी ठेवणारा माणूस शहाणा म्हणायचा का?

पहिल्यांदा मागायला आली ती त्या खड्डा खोदणाऱ्या म्हाताऱ्याची बायको. मी नियम सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की खांबाच्या बुडाशी नाही टाकणार, कोपऱ्यात टाकीन. मी पुन्हा नियम सांगितला. तिनं पुन्हा ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी फाटकाची चावी शाळेच्या दाराशी खिळ्याला टांगलेली होती, आणि ती तिथे कुणी टांगली याची चौकशी मी केली नाही, कारण मीच टांगली होती. दोन वर्षांत जाळीच्या आत चार बायकांच्या चार जागा ठरून गेल्या. मोहाच्या दिवसांत आमच्या गावची हवा किंचित दमट लागत असेल तर ती आमच्या कोपऱ्यांची मेहेरबानी, हे मी आज कबूल करून टाकतो.

गेल्या पावसाळ्यात तो म्हातारा गेला. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी नाही. त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाच्या नावाचा दगड उभा करतात. सोयरे-धायरे बोलवायचे, दूरदूरच्या गावांहून लोक चालत यायचे, दगड उभा करायचा आणि आलेल्या सगळ्यांना मोहाची पाजायची. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा मी त्याला पाणी म्हणतो. वाचणाऱ्यांनी आपापलं समजून घ्यावं. तर हे पाणी घरच्या मोहाचं हवं, असं बाईनं मनाशी धरलं होतं. घराच्या मागे नाल्याकाठी त्यांचं एक झाड होतं. आयुष्यभर त्या झाडाखालचा पाला म्हाताऱ्यानं झाडला, त्याच्याच फुलांवर त्याचा दगड उभा राहायचा होता. दिवस वैशाखातला ठरला, निरोपही गेले. म्हातारी एकटीच अंधारातून उठून वेचायला जायची. पोरगी दूर दिली होती, मुलगा नव्हता. रोजची एक टोपली, कधी दीड, ती आणून तारेच्या आत आपल्या कोपऱ्यात पसरायची आणि फाटक लावून घ्यायची. जाताना खांबाला हात लावून जायची. मला वाटायचं, तोल सावरायला.

आता माझ्या कीर्तीबद्दल थोडं. गावात मोबाईलला रेंज मिळते ती एका जागी, शाळेच्या ओसरीच्या उत्तर टोकाला, आणि तीही उजवा हात वर केला तर. तिथे उभा राहून मी अंदाज उतरवून घ्यायचो आणि हातपंपावर जाऊन सांगायचो. दोन वेळा मी पाऊस सांगितला आणि दोन्ही वेळा आला. मी नाही सांगितलेला पाऊसही बऱ्याचदा आला, पण त्याची आठवण मी कुणाला करून दिली नाही. माणूस असा चढतो. हळूहळू मला वाटायला लागलं, की अंदाज वरून येतो खरा, पण पाऊस माझ्यामुळे येतो.

यंदा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अंदाज आला. तीन दिवस विदर्भात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, वादळी वारा, आमच्या जिल्ह्याला नारिंगी इशारा. नारिंगी म्हणजे पिवळ्याच्या वर आणि लालच्या खाली. मला तर रंग बघूनच स्फुरण चढलं. हातपंपावर गेलो, सगळ्यांना सांगितलं, मोह गोळा करा. बायकांनी ऐकून घेतलं, माना हलवल्या आणि आपापल्या मोहाशेजारी एक एक ताडपत्री घडी करून ठेवली. ढग दिसला तर झाकू, नाही दिसला तर राहू दे. इतका साधा विचार. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला तो आळस वाटला.

म्हातारी मात्र तारेच्या आत होती. मी तिच्याकडे गेलो. तिनं एक फूल उचललं, बोटात दाबलं, ते चिकटलं. मग तिनं डोंगराकडे पाहिलं. वारा तिकडूनच होता, कोरडा, तोंड भाजणारा.

"पाऊस नाई येत, गुरुजी," ती म्हणाली. "दोन दिवसाचं उन्ह पाह्यजे याले."

मी चिडलो. खरं सांगायचं तर म्हातारीवर नाही, डोंगराकडे बघण्यावर चिडलो. वर उपग्रह फिरतो आहे, खाली खांब उभा आहे, मध्ये मी एक हात वर करून अंदाज उतरवतो आहे, आणि ही बाई मान वळवून डोंगराला विचारते. मी तिला नारिंगी रंग समजावून सांगितला. दगडाचं काय होईल तेही सांगितलं. एवढा एकच मोह आहे, भिजला तर वैशाखात काय पाजशील? ते मात्र तिला लागलं. ती वाकून मोह गोळा करायला लागली. मीच शाळेच्या तांदळाची रिकामी प्लास्टिकची पोती आणली, मीच भरली, मीच पाठीवर घेऊन सामानाच्या खोलीत ठेवली. खोलीला पत्र्याचं छप्पर आहे. कुलूप लावलं. ही चावी मात्र खिशात टाकली, खिळ्याला नाही.

पहिला दिवस कडक उन्हात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी थोडे ढग आले, दूर कुठे गडगडलं, आणि मी ओसरीत येऊन उभा राहिलो, वरात यायची असल्यासारखा. ढग आमच्या डोक्यावरून वडस्याकडे गेले. अर्ध्या तासात बायकोचा फोन, की इथे चांगला पडला, अंगणातली वाळवणं भिजली. मला आनंद झाला. स्वतःच्या घरची वाळवणं भिजल्याचा आनंद होणारा माणूस त्या दिवशी विदर्भात मी एकटाच असेन. अंदाज बरोबर होता. तुरळक ठिकाणी म्हटलं होतं, तुरळक ठिकाणी पडला. आम्ही ते ठिकाण नव्हतो, एवढंच.

त्याच संध्याकाळी म्हातारी शाळेच्या पायरीशी आली.

"चाबी द्या, गुरुजी. मोह गरम होते. थोडं पसरवून घ्या लागते."

मी चावी दिली नाही. हे वाक्य मी इतक्या दिवसांत कितीदा तरी वेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं. ते तसंच उरतं. इशारा तीन दिवसांचा होता आणि उद्याचा दिवस बाकी होता. मी तिला म्हटलं, एक दिवस कळ काढ. ती पायरीवरूनच मागे वळली. माझ्याजागी दुसरा कुणी असता तर तिनं कदाचित भांडून चावी घेतली असती. पण मी गुरुजी पडलो.

तिसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. दुपारी मी खोली उघडली आणि दारातच आंबट, कोंदट वास आला. पोत्यात हात घातला तर आत वाफ होती. मोह काळा पडला होता, गोळा झाला होता, मधल्या भागावर पांढरी बुरशी चढली होती. दोन्ही पोती तशीच. म्हातारी माझ्यामागे उभी होती. तिनं एक मूठ बाहेर काढली, नाकाशी नेली आणि परत पोत्यात टाकली. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलली तर बरं होईल. पोती तिनं ओढत बाहेर नेली आणि कडेला ओतली. मी मदतीला हात पुढे केला, तेव्हा तिनं तो नुसता बाजूला सारला. मला लाज वाटली, नुसती लाज, आणि त्यातही कुठेतरी एक शहाणा माणूस आत बसून सांगत होता की अंदाज चुकीचा नव्हता. त्या शहाण्याचा मला आजही राग येतो.

हातपंपावर त्या दिवशी माझ्या नावाचा उद्धार झाला. बाकीच्या बायकांचा मोह खडखडीत वाळला होता. एक जण म्हणाली की गुरुजीले उन्ह लागलं. एक म्हातारा म्हणाला की यंत्रच खोटं आहे, उगाच जागा अडवली, उपटून टाका तो खांब. लोक हसले. म्हातारी घागर भरत होती. ती हसली नाही. घागर उचलून घराच्या वाटेला लागायच्या ऐवजी ती शाळेच्या मागे गेली, आणि मला वाटलं, कोपऱ्यातली जागा झाडायला गेली असेल.

दुसऱ्या दिवशी ओसरीच्या टोकाला फोन वाजला. यंत्राची देखरेख करणारा तालुक्याचा पोरगेला माणूस होता, बिचारा नेहमी अदबीनं बोलणारा. म्हणाला, गुरुजी, काल दुपार कलताना तुमच्याकडे चांगला पाऊस झाला. पाच मिनिटांत भरपूर. पण हवा कोरडी, ऊन कडक, वारा नाही, आणि आसपासच्या एकाही गावात थेंब नाही. वर विचारणा झाली आहे. इशारा बरोबर निघाला म्हणून ते खूश आहेत, पण खात्री करून सांगा. मी म्हटलं, बघून सांगतो.

जाळीच्या आत गेलो. डबड्याखालची माती ओली होऊन सुकलेली होती, गोल, एका घागरीएवढी. डबड्याच्या काठाला एक मोहाचं फूल चिकटलं होतं. मी म्हातारीच्या घरी गेलो. ती अंगणात बसून दोरी वळत होती. मी विचारलं, काल पाऊस आला होता का. ती मान वर न करता म्हणाली, आला, माझ्यासमोर पडला. मी परत आलो, हात वर केला आणि फोन लावला.

खरं बोललो असतो तर काय झालं असतं ते मला दिसत होतं. साहेब आले असते, कोपऱ्यातला मोह दिसला असता, फाटकाला नवं कुलूप लागलं असतं आणि गावातल्या बायकांची बकरीला बंद अशी एकुलती एक जागा गेली असती. पण खोटं बोललो ते त्यासाठी नाही. माझ्यामुळे जिचं वर्ष वाया गेलं, त्या बाईनं माझा शब्द खाली पडू नये म्हणून घागरभर पाणी त्या डबड्यात ओतलं होतं. मी यंत्राचं काम सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, की या डबड्यात पडलं तरच वर पाऊस लागतो. तिनं ते लक्षात ठेवलं होतं. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, हो, पडला. तो म्हणाला, तुरळक ठिकाणी म्हणायचा. मी म्हटलं, अगदी तुरळक ठिकाणी. पुढच्या आठवड्याच्या पत्रकात आमच्या तालुक्यात तुरळक पाऊस झाल्याचं छापून आलं आणि अंदाज बरोबर निघाला.

दगड वैशाखातच उभा राहिला. ज्या बायकांनी माझं ऐकलं नव्हतं, त्यांनी घरोघरून एक एक सूप मोह आणून म्हातारीच्या अंगणात ओतला. माझं ऐकलं असतं तर त्याही आणू शकल्या नसत्या. तिच्या झाडाची शेवटची थोडी फुलं तिनं नंतर वेचली होती, ती तिनं त्या सगळ्यात वरून मिसळली. लोक आले, दगड उभा राहिला, ढोल वाजले. मी एका बाजूला आंब्याखाली बसलो होतो. म्हातारी स्वतः मडकं आणि पानाचा द्रोण घेऊन माझ्याकडे आली, द्रोण भरून तिनं माझ्यापुढे ठेवला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, त्या दिवशी माझ्यासाठी जे केलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात मी गणित न समजलेल्या पोराकडे बघतो.

"तुमच्यासाठी काऊन करू, गुरुजी? तुमचं बोलणं तर नेहमीच खाली पडते. तो खांब माह्या म्हाताऱ्यानं रोवला. लोक म्हणून राह्यले, खांब खोटा बोलते. आता त्याचा दगड उभा कराचा आणि त्याचा खांब खोटा ठेवाचा, मंग मी त्याले काय सांगतलं असतं?"

मी दगडाकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून शाळेमागच्या खांबाकडे पाहिलं. इतके दिवस मी मनात एक उपकार जपून ठेवला होता आणि तो माझा नव्हताच. चावी मागायला आली होती तेव्हाही तिला फक्त चावी हवी होती. मी तिची माफी मागितली, चावीबद्दल, पहिल्यांदाच. तिनं मान हलवली आणि द्रोणाकडे बोट केलं. तो मी एका घोटात रिकामा केला.

ती गेली नाही. वाकून तिनं तो मडक्यातून पुन्हा भरला.